ग्रामपंचायतीचा निकाल कोर्टात: पंधरा दिवसांची मुदत आणि सव्वादोन वर्षांच्या तारखा

मतमोजणी २० डिसेंबर २०२२ ला झाली आणि त्यावरचा कोर्टाचा निकाल एप्रिल २०२५ मध्ये हातात पडला. मधल्या काळात कोणते कागद लागले, कुठे अडलं, किती पैसे गेले हे एका जागी लिहून ठेवतोय. कारण सुरुवातीला गावात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. कुणी म्हणे कलेक्टरकडे अपील करा, कुणी म्हणे थेट हायकोर्ट गाठा. एकाने राज्य निवडणूक आयोगाला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकायला सांगितलं. तिन्ही रस्ते आमच्या कामाचे नव्हते.

गाव नाशिक जिल्ह्यातलं. तालुक्याचं आणि माणसांची नावं घालत नाही. दोन्ही बाजू एकाच विकास सोसायटीचे सभासद आहेत आणि एकाच पिकअपमधून द्राक्षं पाठवतात. अर्जदार नात्याने काकू. कागद गोळा करणं, तारखांना हजर राहणं आणि वकिलांकडचे हेलपाटे हे काम माझ्याकडे होतं.

आधी घोळ काय होता ते सांगतो. प्रभागात अ, ब, क अशा तीन जागा, मतदान केंद्रं दोन. काकू 'ब' जागेवर उभ्या होत्या, समोर आणखी दोघी. जाहीर झालेल्या निकालात काकूंना ३७५ आणि विजयी उमेदवाराला ३९० मतं. पंधराने पडल्या, विषय संपला असंच सगळ्यांनी धरलं. रात्री मतमोजणी प्रतिनिधीची वही उघडली तेव्हा केंद्र क्रमांक १ चे आकडे उलटे दिसले. वहीत काकूंपुढे २०३ आणि समोरच्या बाईंपुढे १९४ होते. निकालपत्रात काकूंना १९४ आणि त्यांना २०३. फरक नऊचा, पण एकीचे नऊ कमी होऊन दुसरीचे नऊ वाढले की अंतर अठराने हलतं. आकडे सरळ केले तर काकू ३८४, त्या ३८१.

असं होतं कसं, हे कळायला मतमोजणीचं टेबल डोळ्यांपुढे आणावं लागेल. कंट्रोल युनिटचं निकालाचं बटण दाबलं की पडद्यावर नाव येत नाही, उमेदवाराचा क्रमांक आणि त्यापुढे मतं येतात. एक कर्मचारी वाचतो, दुसरा कच्च्या तक्त्यात भरतो. मतपत्रिकेवर नावं वर्णानुक्रमाने असतात. आमच्या पहिल्या टेबलावरच्या कच्च्या तक्त्यात मात्र नावं उमेदवारी अर्ज आले त्या क्रमाने लिहिली होती. वाचणाऱ्याने 'एक नंबर, दोनशे तीन' म्हटलं आणि भरणाऱ्याने पहिल्या ओळीत २०३ टाकले, जिथे नाव दुसऱ्या बाईंचं होतं. तिसऱ्या उमेदवाराचे ३७ आणि नोटाचे ५ दोन्ही क्रमांत एकाच जागी होते. बेरीज ४३९, केंद्राध्यक्षाच्या हिशेबातही ४३९. बेरीज जुळली की कुणी खोलात जात नाही. दुसऱ्या टेबलावरचा तक्ता मतपत्रिकेच्या क्रमाने होता, तिथे १८१ आणि १८७ बरोबर उतरले.

यातून पहिली कामाची गोष्ट: प्रतिनिधीला मतमोजणीला पाठवताना मतपत्रिकेचा नमुना खिशात द्या आणि क्रमांक व नाव दोन्ही लिहायला सांगा. निकाल जाहीर होण्याआधी, तिथल्या तिथे, फेरमोजणीचा अर्ज कारणासकट लेखी द्यायचा असतो. तोंडी ओरडून उपयोग नाही. आमच्या माणसाने वहीत आकडे चोख टिपले होते, पण तक्त्याशी ताडून पाहिले नाहीत. गुलाल उधळायला सुरुवात झाल्यावर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे गेलो तर त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘एकदा जाहीर करून सही झाली की माझ्या हातात काही उरत नाही. कोर्टात जा.’ राग आला, पण कायद्याने ते बरोबरच होते.

कोर्टात म्हणजे कुठे? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५ वाचा. दीड-दोन पानांचंच आहे. उमेदवार किंवा त्या निवडणुकीतला मतदार, निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत, त्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करू शकतो. कनिष्ठ स्तर नसेल तर वरिष्ठ स्तर. कलम १५-अ सांगतं की याखेरीज दुसऱ्या कुठल्या कोर्टाने हा वाद ऐकायचा नाही, आणि घटनेचा अनुच्छेद २४३-ओ तेच वरून सांगतो. आमदार-खासदारांचं वेगळं: त्यांना ४५ दिवस मिळतात, अर्ज हायकोर्टात आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली २,००० रुपये अनामत. लोक हे दोन कायदे एकमेकांत मिसळतात आणि '४५ दिवस आहेत की' म्हणून निवांत बसतात. ग्रामपंचायतीला ती चैन नाही.

पंधरा दिवस ऐकायला बरे वाटतात. २० डिसेंबरचा दिवस सोडून मोजलं तर शेवटची तारीख ४ जानेवारी २०२३. त्यात २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे शनिवार-रविवार. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा. हातात उरले ११ दिवस. कोर्टाच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर निराळं असतं, ते पहिल्याच दिवशी बघून घ्या. उशीर माफीचा अर्ज करू, या भरवशावर तर मुळीच राहू नका. निवडणुकीच्या अर्जात कोर्ट मुदतीला फार कडक असतं.

माहिती अधिकाराचा मोह आवरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला की झालं असं वाटतं, पण उत्तराला ३० दिवस असतात आणि तोवर तुमची मुदत दोनदा संपते. आम्ही २१ डिसेंबरलाच प्रमाणित प्रतींचा अर्ज दिला आणि पोच घेतली. मागितलं ते असं: अंतिम निकालपत्र, उमेदवारांची अंतिम यादी, 'ब' जागेच्या मतपत्रिकेचा नमुना, दोन्ही केंद्रांचा नोंदवलेल्या मतांचा हिशेब (विधानसभेला ज्याला लोक १७-सी म्हणतात, तशाच धर्तीचा कागद) आणि दोन्ही टेबलांचे कच्चे तक्ते. २८ तारखेला पहिल्या चार गोष्टी मिळाल्या. कच्चे तक्ते 'सीलबंद आहेत' म्हणून मिळाले नाहीत. नकारही लेखी घ्या. तोच कागद पुढे कोर्टाकडून तक्ते मागवताना कामी येतो.

२६ डिसेंबरला सोमवारी नाशिकला वकिलांकडे. सीबीएससमोर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकासमोर जिल्हा न्यायालय, पलीकडे जिल्हाधिकारी कार्यालय. त्या पट्ट्यात वकील, नोटरी, झेरॉक्स, टायपिंग सगळं हाकेच्या अंतरावर. अर्ज मात्र तालुक्याच्या कोर्टात चालणार होता. म्हणून मसुदा आणि युक्तिवाद नाशिकच्या वकिलांचा आणि रोजच्या तारखा सांभाळायला तालुक्यातले तरुण वकील, अशी विभागणी केली. फी ४०,००० ठरली, चार हप्त्यांत. निवडणुकीचे अर्ज आधी चालवले आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. जमिनीच्या दाव्यांत मुरलेला वकील इथे मुदतीचं आणि मजकुराचं गणित चुकवू शकतो.

वकीलसाहेबांनी पहिल्या तासात आमच्या यादीवर काट मारली. आम्ही सगळंच घेऊन गेलो होतो: आदल्या रात्री दारू वाटली, समोरच्यांचं अतिक्रमण आहे, खर्च लपवला, शिवाय हे आकडे. ते म्हणाले, ‘दारूचा आरोप म्हणजे भ्रष्ट आचरण. ते फौजदारी आरोपासारखं, संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. साक्षीला कोण उभं राहणार आहे सांगा?’ कुणी नव्हतं. अतिक्रमण, दोनपेक्षा जास्त अपत्यं, थकबाकी ही अपात्रता कलम १४ मधली. त्यासाठी कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करता येतो. खर्चाचा हिशेब हा १४-ब चा विषय. आमच्या हातात राहिलं ते कलम १५ पोटकलम ५ चा खंड (ब): दोन किंवा अधिक उमेदवारांत वाद असेल तर न्यायाधीश मतांची छाननी आणि गणना करतील आणि जास्त वैध मतं असलेल्याला निवडून आलेला घोषित करतील. एवढ्यावरच अर्ज उभा राहिला. गावातल्या काहींना हे पुळचट वाटलं. माझं मत विचाराल तर अर्ज वाचला तो याच काटछाटीमुळे.

अर्जातला मजकूर कसा असावा, यावर जरा थांबतो, कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात. 'मतमोजणीत मोठा गोंधळ झाला, अधिकाऱ्यांनी पक्षपात केला, फेरमोजणी व्हावी' हे वाक्य कोर्टाच्या दृष्टीने शून्य. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच, राम सेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किडवाई या प्रकरणात, सांगून ठेवलंय की मागितली म्हणून मतपत्रिकांची तपासणी मिळत नाही. मुळात अर्जात ठोस गोष्टी नेमक्या मांडलेल्या हव्यात आणि न्यायासाठी ती तपासणी गरजेची आहे असं सकृद्दर्शनी दिसायला हवं. मतदानाची गुप्तता सहजासहजी उघडायची नाही, हे त्यामागचं कारण. आमच्या अर्जाचा सातवा परिच्छेद असा होता: केंद्र क्रमांक १, टेबल क्रमांक १, जागा 'ब', मतपत्रिकेवरील क्रमांक १ समोर यंत्राने २०३ दाखवले, निकालपत्रात त्याच नावापुढे १९४ आहेत, क्रमांक २ समोर १९४, निकालपत्रात २०३, चुकीचं कारण नावांचा क्रम. पुढच्या परिच्छेदात दुरुस्त बेरीज. बस. मागण्या तीन: निकाल रद्द करावा, यंत्रावरून केंद्र १ ची गणना करावी, अर्जदाराला निवडून आल्याचं घोषित करावं.

काकूंना निवडून आल्याचं घोषित करा अशी मागणी असल्याने त्या जागेच्या दोन्ही उमेदवार सामनेवाल्या केल्या, हरलेल्या तिसऱ्या बाईंसकट. 'त्यांचा काय संबंध' म्हणून नाव गाळलं तर आवश्यक पक्षकार नाही म्हणून आयता मुद्दा समोरच्यांना मिळतो. सत्यापनाखाली सही अर्जदाराचीच, जागा आणि तारखेसह. प्रत्येक पानावरही सही. कोर्टात द्यायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. बाहेर कुणी विकायला आलं तर घेऊ नका. प्रती मोजून काढा: कोर्टाला एक, प्रत्येक सामनेवाल्याला एक, आपल्याला दोन.

२ जानेवारी २०२३ ला सकाळी अर्ज दाखल केला. शिरस्तेदारांनी दोन त्रुटी काढल्या: जोडकागदांच्या यादीत पान क्रमांक नाहीत आणि एका प्रतीवर सही राहिलेली. दुपारी चारपर्यंत दोन्ही भरून काढल्या. हेच काम ४ तारखेवर ठेवलं असतं तर? म्हणून दोन दिवस हातात ठेवून दाखल करा. नंबर पडला की सीएनआर क्रमांक लगेच टिपून घ्या. तो १६ अक्षरांचा असतो आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्यावरून पुढची तारीख घरबसल्या कळते. तालुक्याला फुकटची फेरी वाचते.

मूळ अर्जाबरोबरच दुसरा छोटा अर्ज दिला होता, निशाणी ५ ला (निशाणी म्हणजे प्रकरणातल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक): यंत्र, मोहोरबंद पाकिटं आणि कच्चे तक्ते जपून ठेवण्याचा आदेश व्हावा. संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. यंत्रं कपाटात शोभेला ठेवायची नसतात. पुढची निवडणूक लागली की ती पुसून, तपासून परत वापरात जातात. आदेश १२ जानेवारीला झाला. त्याची प्रमाणित नक्कल काढून आम्ही स्वतः तहसीलला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत दिली, दोन्हीकडे आवक क्रमांक घेतला. कोर्ट पाठवेल म्हणून बसायचं नाही.

या धावपळीत एक गोष्ट सुटता सुटता राहिली. हरलेल्या उमेदवारानेही निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. नाहीतर पाच वर्षांपर्यंत अपात्रता ओढवू शकते. कोर्टात जिंकायचं आणि हिशेबाने बाद व्हायचं, अशी गत झाली असती. १९ जानेवारी शेवटची होती, आम्ही १७ ला दिला.

मग सुरू झालं वाट पाहणं. फेब्रुवारीच्या तारखेला एक समन्स बजावून आलं, विजयी बाईंचं 'घर बंद' म्हणून परत. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. द्राक्षाची खुडणी चालू असल्याने घरात खरंच कुणी सापडत नव्हतं, की सापडायचं नव्हतं, ते देव जाणे. बेलिफाला घर दाखवायला बरोबर माणूस द्या. आणि दोनदा परत आलं की दाराला चिकटवून बजावणी करण्याचा अर्ज लगेच करा. आम्ही एप्रिलपर्यंत थांबलो, ती चूक. लेखी कैफियत, म्हणजे समोरच्यांचं उत्तर, जुलैत आली. तिच्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली अर्ज, की आमच्या अर्जाला कारणच नाही, तो फेटाळावा. त्यावर युक्तिवादाला तीन तारखा गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो नामंजूर झाला; आदेशात आमच्या सातव्या परिच्छेदाचा उल्लेख होता. मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न, जानेवारी २०२४ मध्ये निघाले.

या काळात गावात रोज एकच प्रश्न: ‘काय झालं तुमच्या केसचं?’ काकूंनी शेवटी उत्तर ठरवून टाकलं, ‘तारीख झाली.’ हायकोर्टातल्या निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं कायदाच म्हणतो, आणि तरी वर्षं जातात. १९७१ च्या रायबरेलीच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या, निवडणुकीचा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल १२ जून १९७५ ला लागला होता, हे वकीलसाहेब धीर द्यायला सांगायचे. धीर कमी, धडकी जास्त.

बाहेरच्या देशांत काय होतं हे मी त्याच दिवसांत वाचून काढलं. लोकशाही रुळायची आहे अशा देशांनी याबाबत घड्याळ फार काटेकोर लावलंय. केनियाच्या घटनेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालावर सात दिवसांत अर्ज आणि अर्जानंतर १४ दिवसांत निर्णय, असं बंधन आहे. २०१७ मध्ये ८ ऑगस्टला मतदान झालं आणि १ सप्टेंबरला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्दही केली, चार विरुद्ध दोन मतांनी. तिथेही भांडण येऊन टेकलं ते तक्त्यांवर: मतदान केंद्राचा ३४-ए, मतदारसंघाचा ३४-बी आणि ते वर पाठवण्याची पद्धत. मलावीत मे २०१९ च्या निवडणुकीच्या तक्त्यांवर चक्क व्हाइटनर फासलेला होता. पाच न्यायाधीशांनी ३ फेब्रुवारी २०२० ला ती रद्द केली. निकाल द्यायला ते बुलेटप्रूफ जाकिटं घालून आले होते. नवी निवडणूक २३ जून २०२० ला झाली आणि सत्ता बदलली. हे वाचल्यावर आमच्या तालुक्याच्या कोर्टातला पंखा आणि 'पुढची तारीख' बरीच सुसह्य वाटायला लागली. पण १४ दिवसांचंही मला सगळंच पटत नाही. इतक्या थोड्या वेळात देशभरचे तक्ते तपासायचे म्हणजे घाई होणारच; आमचा एक तक्ता कोर्टापुढे यायलाच जवळजवळ दोन वर्षं लागली हे दुसरं टोक.

पुरावा २०२४ च्या उन्हाळ्यात सुरू झाला. सरतपास शपथपत्रावर असतो, म्हणजे साक्षीदाराचं म्हणणं आधीच लिहून दिलेलं असतं. खरी परीक्षा उलटतपासाची. काकूंना दोन तास विचारलं. ‘तुम्ही स्वतः टेबलाजवळ होतात का?’ ‘नाही.’ ‘म्हणजे ऐकीव माहिती?’ ‘हो.’ माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं, एवढंच त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ते उत्तम झालं. मतमोजणी प्रतिनिधीची मूळ वही दाखल केली. त्यात मधल्या पानावर किराण्याचा हिशेब होता. ते पान फाडू नका असं वकिलांनी आवर्जून सांगितलं होतं. फाटलेलं पान संशय वाढवतं, किराणा नाही. प्रतिनिधीची साक्ष नेमकी ऑक्टोबरात, छाटणीच्या ऐन धांदलीत लागली. मजूर लावून तो गडी आला, पण समोरच्यांनी मुदत मागितली आणि तो दिवस वाया गेला. बागायतदार साक्षीदार असेल तर ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्चच्या तारखा शक्यतो टाळायला सांगा. कोर्ट पुष्कळदा ऐकतं.

निवडणूक निर्णय अधिकारी तोवर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. साक्षीसमन्स कार्यालयाच्या नावे काढलं, 'दप्तरासह हजर राहावे' असं लिहून, आणि प्रवासभत्ता कोर्टात आगाऊ भरला. नोव्हेंबरात दप्तर आलं. कच्चा तक्ता पहिल्यांदा तेव्हा दिसला: निळ्या बॉलपेनने आखलेल्या ओळी आणि नावांचा क्रम मतपत्रिकेपेक्षा वेगळा. अधिकाऱ्यांनी उलटतपासात मान्य केलं की दोन्ही टेबलांचे तक्ते सारख्या क्रमाचे नाहीत. त्यांच्याविषयी वाईट बोलावंसं वाटत नाही. रात्रभर जागून पाच-सहा गावांची मोजणी उरकणाऱ्या माणसाकडून असं होऊ शकतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यंत्र उघडण्याचा आदेश झाला. फक्त केंद्र १, फक्त जागा 'ब'.

तो दिवस १९ मार्चचा. यंत्र पोलिस बंदोबस्तात आलं. टेबलावर ठेवलं, आधी बाहेरच्या पेटीवरचं लेबल आणि मोहोरांचे क्रमांक मतदानाच्या दिवशीच्या नोंदीशी ताडले, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी पाहून सह्या केल्या. बटण चालू केलं तर पडदा काळाच. दोन वर्षांत बॅटरी संपली होती. मागे बाकांवर एकदम कुजबुज झाली. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. तंत्रज्ञाने समजावलं की बॅटरी गेली म्हणून मतं जात नाहीत, ती मेमरीत राहतात. नवी बॅटरी आणायला पाऊण तास गेला. मग निकालाचं बटण. क्रमांक १, २०३. क्रमांक २, १९४. क्रमांक ३, ३७. नोटा ५. न्यायाधीशांनी पुन्हा दाबायला सांगितलं, आकडे तेच आले. तिसऱ्यांदा समोरच्या वकिलांना स्वतः वाचू दिलं. सगळं रोजनाम्यात गेलं. तुम्ही कधी अशी वेळ गाठलीत तर बॅटरीची मागणी आदल्या दिवशी लेखी करून ठेवा.

फरक फक्त तीन मतांचा होता. समसमान निघाली असती तर कायद्यात न्यायाधीशांसमोर चिठ्ठी काढून एक मत वाढवायची तरतूद आहे. तेवढी वेळ आली नाही. एप्रिलमध्ये निकाल: आधीची निवड रद्द, काकू निवडून आल्याचं घोषित. मी हिशेब लावला तर एकूण ३१ तारखा झाल्या होत्या आणि त्यातल्या ११ ला प्रत्यक्ष काम झालं.

कलम १५ खालचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पण अनुच्छेद २२७ खाली हायकोर्टात रिट करता येतं, आणि समोरच्यांनी ते केलं. नाशिकचं काम मुंबईला. आम्ही निकालाच्या आठवड्यातच कॅव्हेट टाकलं होतं, त्यामुळे आम्हाला न ऐकता स्थगिती मिळाली नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, ती तारीख वहीत लिहून ठेवा. मुंबईच्या वकिलांचे ५०,००० गेले, म्हणजे तालुक्याच्या सबंध खटल्यापेक्षा जास्त. झेरॉक्स, नकला, भत्ते, प्रवास मिळून आणखी २१,०००. एकंदर १,११,००० रुपये, ग्रामपंचायतीच्या एका सदस्यपदासाठी. जुलैत रिट फेटाळलं गेलं.

ऑगस्टमध्ये एक बातमी आली. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची नोव्हेंबर २०२२ ची निवडणूक. एका केंद्रावर दोघांचे आकडे उलटे लागले होते. सुप्रीम कोर्टाने यंत्रं दिल्लीला मागवून आपल्याच आवारात मोजणी करवली: १,०५१ विरुद्ध १,०००. हरलेला जिंकला. निकालाची प्रत मी वकीलसाहेबांना पाठवली. त्यांचं उत्तर, ‘दोन वर्षं आधी आला असता तर आपल्या पाच-सहा तारखा वाचल्या असत्या.’ आता कुणाला अशीच अडचण असेल तर तो निकाल अर्जासोबत जरूर जोडा.

शेवटचा टप्पा लोक विसरतात. कोर्टाचा निकाल आपोआप ग्रामपंचायतीत पोहोचत नाही. प्रमाणित नकला चार काढल्या: जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. रिटचा आदेशही जोडला. तरी पहिल्या मासिक सभेची नोटीस जुन्याच बाईंच्या नावाने निघाली. लेखी हरकत दिल्यावर दोन दिवसांत दुरुस्त झाली. मुदत संपायला तेव्हा २९ महिने उरले होते. सभेत उपस्थितीच्या वहीत काकूंचं नाव छापील यादीच्या खाली हाताने लिहिलेलं होतं. त्यांनी सही करण्याआधी वरपासून खालपर्यंत सगळी नावं आणि त्यांचे क्रमांक एकदा वाचून घेतले.